कोल्हापूरचा एक दिवस : भिंगे आणि किरणे

कोल्हापुरात भरलेल्या चष्मे व नेत्रतपासणी साहित्याच्या व्यापारी प्रदर्शनात आजचा बहुतेक दिवस गेला. फ्रेमच्या दालनांपुढे सर्वाधिक गर्दी होती. मी मात्र भिंगांपाशीच रेंगाळलो. पॉलिकार्बोनेटचे भिंग साध्या सीआर-३९ (नेहमीच्या प्लास्टिकच्या) भिंगापेक्षा पातळ आणि आघात सहन करणारे असल्यामुळे लहान मुलांसाठी ते योग्यच ठरते. परंतु त्याचा अ‍ॅबे क्रमांक (हा आकडा जितका लहान, तितके रंगांचे विखुरणे जास्त) केवळ ३० च्या आसपास (सीआर-३९ चा ५८) असल्याने ते प्रकाशातील रंग अधिक विखुरते, आणि मोठा नंबर असलेल्या व्यक्तीला कडेने पाहताना वस्तूंभोवती रंगीत किनार जाणवू शकते. ही बाजू मला विचारल्यावरच सांगण्यात आली. मुलांचा वाढता मायनस नंबर मंदावणारी भिंगेही पाहिली. मध्यभागातून स्पष्ट दृष्टी देत असतानाच सभोवतालच्या भागातून येणारा काही प्रकाश दृष्टिपटलाच्या पुढे केंद्रित करायचा, हे त्यांमागचे तत्त्व मला फ्रेमच्या नव्या रंगांपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे वाटते.

सायंकाळी अंबाबाईचे दर्शन घेतले. जानेवारीअखेरीस व नोव्हेंबरात मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत क्रमाने पोहोचतात, तो किरणोत्सव पाहण्याचा योग अद्याप आलेला नाही. किरणांच्या वाटेत इमारतींचे अडथळे येतात, ही तक्रार मात्र येथे नेहमी ऐकू येते, आणि प्रकाशमार्गाचा रोज विचार करणाऱ्याला ती विशेष खटकते. त्यानंतर रंकाळ्यावर भेळ आणि रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला. नवा राजवाडा राहिला.