आमची वाटचाल: टबाच्या आधी जमीन

वडिलांचा धंदा पाण्याच्या टाक्या आणि ओटे बांधण्याचा. मी तळेगावात त्यांच्या हाताखाली शिकलो. तेव्हा लोणावळा, पवना भागात बंगले वाढत होते आणि मालक मंडळी अंगणात गरम पाण्याचा टब मागवू लागली होती. सगळे त्याला जकुझीच म्हणतात. विकणारा माणूस टब उतरवून निघून जायचा. तो कशावर ठेवायचा, वीज कुठून आणायची, पाणी कुठे सोडायचं, हे बघायला कोणी नसायचं. ते काम आम्ही घेतलं.

पहिलंच काम चुकलं. लोणावळ्याजवळचा उताराचा प्लॉट, निम्मा डोंगर कापून आणि निम्मा भराव टाकून सपाट केलेला. वरून जागा छान दिसत होती. मी मुरूम पसरला, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि टब ठेवला. त्या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. श्रावण येईपर्यंत भरावाकडचा कोपरा दीड इंच खचला. टबातलं पाणी त्या बाजूला कललं, वरच्या बाजूच्या स्किमरचं (पृष्ठभागावरचं पाणी पंपाकडे ओढून घेणाऱ्या झरोक्याचं) तोंड उघडं पडलं आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागला. फोन आला तेव्हा पंप जळाला होता.

वडील सोबत आले. त्यांनी जागा पाहिली आणि एवढंच विचारलं, "खाली कितीवर कडक लागलं होतं?" मी खोदून पाहिलंच नव्हतं.

आम्ही पदरच्या खर्चानं टब रिकामा करून बाजूला काढला. साडेतीन फुटांवर कडक मुरूम लागला. तिथून सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. मग दगडाचं सोलिंग, त्यावर पीसीसी म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, त्यावर सळईची जाळी घालून सहा इंचांचा स्लॅब. डोंगराच्या बाजूनं चर काढला, म्हणजे वरून येणारं पाणी स्लॅबखाली शिरणार नाही. नवा पंपही आम्हीच दिला. त्या वर्षी नफा असा काही उरला नाही, पण मालकांनी पुढची दोन कामं मिळवून दिली.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली: आधी खड्डा, मग दर. शिरूरकडच्या शेतघरात काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम भरल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. अलिबागला जांभा मिळतो, पाया सोपा जातो, पण खारी हवा लोखंड खाते. तिथं नटबोल्टसुद्धा स्टेनलेसचे लावतो.

सगळ्यात जास्त वाद गच्चीवरून होतात. पुण्यात एका साहेबांना टब गच्चीवरच हवा होता. मी त्यांच्यासमोर वहीत हिशोब मांडला. सात फूट बाय सात फुटांचा टब, त्यात १३०० लिटर पाणी म्हणजे १३०० किलो. टबाचं वजन ३५० किलो, पाच माणसांचं आणखी ३५०. एकूण दोन टन, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास. वावरायच्या गच्चीसाठी आयएस ८७५, म्हणजे इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक, धरतं दीडशे किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय हात लावणार नाही म्हटल्यावर साहेब चिडले. महिन्यानं त्यांचाच फोन आला. टब शेवटी स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून आठ पावलांवर बसला. तो रोज वापरला जातो, कारण थंडीत ओल्या अंगानं आठ पावलं चालता येतात. बागेच्या टोकाला, झाडांच्या आड ठेवलेले टब दुसऱ्या वर्षी झाकलेलेच राहतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता जागा दाखवताना आधी दारच विचारतो.

विजेबाबत आम्ही तडजोड करत नाही. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच), स्वतंत्र अर्थिंग. बंद करायचा स्विच डोळ्यांसमोर हवा, पण टबात बसलेल्याचा हात पोचेल इतका जवळ नको. हे काम परवानाधारक वायरमनच करतो. पंपाच्या बाजूला माणूस उकिडवा बसेल एवढी जागा सोडतो. भिंतीला चिकटवलेला टब दुरुस्तीच्या वेळी पूर्ण रिकामा करून हलवावा लागतो. टब आत येणार कसा, हेही आधीच मोजायचं. तो एका कडेवर उभा करून न्यायचा म्हटलं तरी सात फूट उंची लागते. एकदा वरून जाणाऱ्या वायरमुळे हायड्रा क्रेन परत पाठवावी लागली होती. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर क्षार बसतात, म्हणून ते आधी तपासून घेतो.

कामाठ्यांना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो: स्लॅबवर पाणी मारायचं चुकवू नका. निदान सात दिवस, आणि टब भरायचा तो अठ्ठावीस दिवसांनंतरच. मालक घाई करतात, दिवाळीला पाहुणे येणार असतात. तरी थांबायला सांगतो.

आज आम्ही सहाजण आहोत. वडील साइटवर येत नाहीत, पण प्रत्येक कामाच्या खड्ड्याचा फोटो त्यांना मोबाइलवर पाठवावा लागतो. लोणावळ्याच्या त्या पहिल्या बंगल्यावर मी दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, लेव्हलची नळी घेऊन जातो. यंदाही गेलो. चारही कोपऱ्यांना पाणी एका रेघेवर होतं.