झोप लागते का?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे निमित्त साधून, मी आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात पहिला कार्यक्रम घेतला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा मला चार महिने झाले होते, आणि ३३ वर्षे वर्गासमोर उभे राहिल्यामुळे आपण बोललो की लोक ऐकतात असा माझा पक्का समज होता. सभेला अकरा जण आले. त्यांतले चार पंचायतीचे सदस्य आणि दोन माझेच जुने विद्यार्थी. नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया असे शब्द फळ्यावर लिहून मी पाऊण तास बोलले. काही विचारायचे असल्यास विचारा, असे म्हटल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "गावात येडे किती हायेत ते मोजाले आल्या काय मॅडम?" सगळे हसले, मीही हसले, चहा झाला आणि सभा संपली. साडेचारशे रुपयांचा फ्लेक्स पुढे एका शेजाऱ्याने कुटार झाकायला मागून नेला. 'मनाचे आरोग्य जपा' ही अक्षरे आजही त्यांच्या गोठ्यावर रस्त्यावरून वाचता येतात, आणि त्या फ्लेक्सचा एवढाच काय तो उपयोग झाला.

आमचे गाव विदर्भाच्या कापूसपट्ट्यातले आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात घरोघरी जाऊन ताणाची चौकशी करण्याचे काम आशा कार्यकर्त्यांवर सोपवले गेले. म्हणजे हे प्रश्न गावाला नवीन नव्हते. लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग आणि सतरा नोंदवह्या यांच्यामध्ये आशाताईने ते कसे विचारायचे, हा मुद्दा होता. आमच्या आशाताईने मला सरळच सांगितले, "मॅडम, तुम्ही रिकाम्या आहात. तुम्ही माझ्यासोबत चला, दोघी मिळून करू." माझे काम खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाले.

त्यानंतर तालुक्याच्या गावी स्वयंसेवकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. तिथे सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. पहिली, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातली. देशातल्या १२ राज्यांत झालेल्या त्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्र नव्हता, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. मी शिक्षिकेच्या सवयीने वहीच्या कोपऱ्यात त्रैराशिक मांडले: आमच्या गावात प्रौढ सुमारे बाराशे, म्हणजे अंदाजे सव्वाशे माणसे. मला त्यांतली दोनच ठाऊक होती, आणि तीही 'डोक्यावर परिणाम झालेली' म्हणून. दुसरी गोष्ट शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 'विश्राम' या उपक्रमाची. तिथे ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेकडा चारांचे शेकडा सत्तावीस होणे ही बाब माझ्या फळ्यावरच्या सगळ्या शब्दांपेक्षा मला महत्त्वाची वाटली, कारण ते करणारी माणसे आमच्यासारखीच होती.

प्रशिक्षणात नऊ प्रश्नांचा एक कागद दिला होता. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, हे विचारून प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण झाले तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवायचे. कागद सोपा आहे, परंतु त्याची भाषा गावाची नाही. 'कामांत रस किंवा आनंद वाटत नाही का' असे मी एका आजीबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "निंदणीच्या दिवसात आनंदाचं काय इचारता बाई?" खिन्न हा शब्द तर मी शाळेतल्या धड्यांबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेलाच नव्हता. लोक म्हणतात ते असे: जीव लागत नाही, हातपाय गळून गेल्यासारखे होतात, छातीत धडधडते, डोके गरम होते, चार माणसांत बसावेसे वाटत नाही. झोपेचा प्रश्न त्या कागदावर तिसरा आहे, तो पहिला करावा, असे आशाताईने सुचवले. क्रम बदलला तरी नऊच्या नऊ प्रश्न विचारलेच पाहिजेत, एवढ्या अटीवर प्रशिक्षकांनी त्याला होकार दिला. "झोप लागते का?" असे विचारले की माणूस दचकत नाही, घरातले कान टवकारत नाहीत आणि उत्तर बहुधा खरे येते. रात्री तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही, हे सांगताना कुणालाही कमीपणा वाटत नाही, आणि एकदा तीन वाजेपर्यंत पोचलो की त्या वेळी मनात काय चालते हे विचारणे फारसे अवघड राहत नाही.

सभागृह आम्ही सोडूनच दिले. महिलांसाठी बचत गटाच्या मासिक बैठका होत्याच. हप्ते गोळा होऊन वहीवर सह्या झाल्या की आम्हाला पंधरा मिनिटे मिळत. पुरुष मात्र सापडत नव्हते. शेवटी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या ज्येष्ठ मंडळींनी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर दहा मिनिटे बोलण्याची परवानगी दिली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ही प्रार्थनेची पद्धत आमच्या भागात अजून टिकून आहे, आणि प्रार्थना आटोपल्यावर माणसे लगेच उठत नाहीत. तिथे मी भाषण केले नाही. झोप, दारू, आणि डॉक्टरांकडे जाण्याचा वार, एवढ्यावरच बोलले. पहिल्या आठवड्यात कुणीही काही विचारले नाही. दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ चप्पल शोधण्याच्या निमित्ताने मागे थांबले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते छपरीत बसले होते आणि त्यांच्या पत्नी तुरी निवडत होत्या. झोपेपासून सुरू करून आठ प्रश्न झाले, गुण चौदावर गेले, आणि नववा प्रश्न उरला. तो मरणाच्या विचारांबद्दलचा आहे. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घातला जाईल, ही भीती आम्हा सर्वांनाच होती. विचारल्याने धोका वाढत नाही, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगूनही ती गेली नव्हती. त्यांच्या पत्नी चहा करायला आत गेल्या, तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "भाऊ, जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" त्यांच्या हातात तुरीची एक काडी होती. तिचे त्यांनी बोटाएवढे तुकडे केले, ते जमिनीवर एका ओळीत मांडले, आणि मान खाली घालूनच म्हणाले, "येते जी. पोरीची बारावी हाय म्हणून थांबलो."

त्यानंतर काय करायचे ते ठरलेले होते, म्हणून आमचे हातपाय गळाले नाहीत. त्यांना एकटे सोडायचे नव्हते. त्यांच्या संमतीने पत्नीला आणि धाकट्या भावाला सांगितले. फवारणीची सगळी औषधे भावाने स्वतःच्या घरी नेऊन कुलपात ठेवली आणि रात्री तो त्यांच्याजवळ झोपू लागला. तिथूनच आम्ही टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावला. ही चोवीस तासांची सेवा देशात सुरू झाली तो दिवसही १० ऑक्टोबर २०२२ हाच. म्हणजे मी फळ्यावर लिहीत होते त्याच दिवशी हा क्रमांक अस्तित्वात आला होता आणि तो मला ठाऊकही नव्हता. पलीकडच्या समुपदेशक मराठीत बोलल्या. ते गृहस्थ, म्हणजे आमचे भाऊ, त्यांच्याशी वीस मिनिटे बोलले. त्यातले बहुतेक कापसाच्या भावाबद्दल होते, पण बोलले.

पुढच्या मंगळवारी मानसोपचार विभागाची ओपीडी होती. सहाची एसटी, ४६ किलोमीटर, केसपेपरची रांग, मग दुसरी रांग, आणि दीड वाजता डॉक्टरांची आठ मिनिटे. डॉक्टर चांगले होते, त्यांच्या दाराबाहेर साठ माणसे होती. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, ती मनाने बंद करू नये, हे त्यांनी सांगितले आणि आम्ही ते ऐकले. तरीही नवव्या दिवशी भाऊंनी गोळी बंद केली. "काही फरकच नाई, नुसतं तोंड कोरडं पडते." त्या दिवशी मी सहज डोकावले नसते तर हे महिनाभर कळले नसते. यातून मला जे समजले ते प्रशिक्षणात कुणी एवढे ठासून सांगितले नव्हते: पहिली भेट घेणे, प्रश्न विचारणे, रुग्णालयात नेणे, हे सारे जमून जाते, कारण त्यात थोडा उत्साह असतो आणि थोडे नाट्यही असते; नवव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभे राहून तोंड कोरडे पडते का, हे विचारण्यात काहीच नाट्य नाही, आणि माणूस बरा होतो तो त्या फेऱ्यांवर. आता आम्ही वहीत पहिल्या भेटीची तारीख लिहितानाच पुढच्या तीन तारखा लिहून ठेवतो.

एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाची मजुरी हे सगळे धरले तर एका फेरीला हजाराच्या आसपास खर्च येतो. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने महिन्यातून एकदा आमच्या ग्रामीण रुग्णालयात यावे, असा अर्ज आम्ही केला. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे आणि तालुका पातळीवर जाऊन सेवा देणे त्याच्या कामातच बसते, तरी आमच्या अर्जाला सात महिने लागले. पहिले दोन अर्ज कुठे गेले ते कुणाला सांगता आले नाही. तिसऱ्या अर्जाला आम्ही नावे न देता नऊ गावांतल्या ३८ रुग्णांची संख्या, वय आणि प्रत्येकाचे रुग्णालयापासूनचे अंतर जोडले, तेव्हा हालचाल झाली. आकड्यांपुढे कार्यालय हलते, हा अनुभव शाळेच्या छपरासाठी अर्ज करताना मला पूर्वी आलेलाच होता. पथक येऊ लागले. औषधे मात्र काही महिने दहाच दिवसांची मिळत, उरलेली बाहेरून घ्यावी लागत.

आता माझ्या चुकीविषयी. एका सुनेला बाळंतपणानंतर फार त्रास झाला होता आणि तिचे उपचार सुरू होते. तिच्या जावेने मला पाणवठ्यावर काळजीने विचारले, "आता कशी हाय ते?" आणि मी धीर देण्यासाठी म्हणाले, "औषध चालू आहे, सुधारेल." एवढेच. आठ दिवसांत ते तिच्या माहेरपर्यंत पोचले, 'वेडाच्या गोळ्या' या नावाने. ती पुढे माझ्यासमोर बसली नाही. माझ्या वहीत आता नावांऐवजी क्रमांक आहेत आणि वही कपाटात असते, पण हे शहाणपण मला तिच्या बदनामीतून आले. तिच्याकडे आशाताई एकटीच जाते.

देवरुषी आणि दर्ग्याच्या प्रश्नावर माझे आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याशी खटके उडतात. कानात आवाज येणाऱ्या एका मुलाला घरचे दर अमावास्येला देवरुषाकडे नेत. कार्यकर्त्याचे म्हणणे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार करू. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण होत असती, साखळीने बांधत असते, तर मीच पोलीस ठाण्यात गेले असते. इथे तसे काही नव्हते, अंगारा आणि लिंबू होते. मी आईला म्हटले, अंगारा लावा, पण मंगळवारची गाडी चुकवू नका. गुजरातेत मीरा दातार यांच्या दर्ग्यात दवा आणि दुआ दोन्ही एकाच आवारात मिळण्याची सोय झाली, तिचा मी त्या कार्यकर्त्याला दाखला दिला. त्याला तो पटलेला नाही. मुलगा गोळ्या घेतो, अमावास्याही पाळतो.

आणखी एक भीती गावोगाव भेटली: जीव देण्याचा प्रयत्न झाला की पोलीस केस होईल, म्हणून घरचे तो अपघात म्हणून सांगतात आणि माणूस मानसोपचाराविनाच घरी परततो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिच्यावर शिक्षेची कारवाई होत नाही. तिची काळजी आणि उपचार ही शासनाची जबाबदारी ठरते. हे मी प्रार्थनेनंतरच्या दहा मिनिटांत तीन वेळा सांगितले आहे. तिसऱ्या वेळी एका पोलीस पाटलांनी ते कागदावर लिहून मागितले.

भाऊंची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आहे. मुलगी नर्सिंगला गेली. येत्या मंगळवारी काळीपिवळी सकाळी साडेसातला निघेल. भाड्यातले सहाशे रुपये बचत गट व्याजाच्या रकमेतून देतो. सात जागा भरल्या आहेत, आठवी आशाताईने कुणासाठी तरी राखून ठेवायला सांगितली आहे. कुणासाठी, ते मी विचारलेले नाही.