आमची वाटचाल : चौथी-सातवीचे गठ्ठे

सांगलीत खणभागातल्या एका खोलीत, सायक्लोस्टाइलवर, म्हणजे कोरलेल्या मेणकागदातून शाई दाबून छापणाऱ्या यंत्रावर, आम्ही चौथी-सातवीच्या सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका काढायला लागलो. त्या मेणकागदावर, स्टेन्सिलवर, मजकूर कसाही कोरता येतो, पण बुद्धिमत्तेच्या आकृत्या घाम काढतात. वर्तुळ जरा दाबून काढलं की मधला गोल सुटून हातात येतो आणि स्टेन्सिल वाया. ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ऑफसेटवर गेल्यावर रॉट्रिंगच्या पेनानं ट्रेसिंगवर आकृत्या काढून घ्यायचो. शाई चढली की मोठ्या आकृतीत छोटी शोधायच्या प्रश्नातली 'लपलेली आकृती' खरोखरच लपायची. म्हणून पहिले कागद भिंगाखाली बघितल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा नियम आजही आहे.

पुढं बरीच वर्षं धंदा बरा चालला.

सांगायचं आहे ते २०१५ चं. शासनानं शिष्यवृत्ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक पाचवीपर्यंत, उच्च प्राथमिक आठवीपर्यंत, म्हणून. तर्क बरोबरच होता. पण त्या पायी २०१५-१६ मध्ये परीक्षाच झाली नाही. नवी परीक्षा थेट २०१७ च्या फेब्रुवारीत. आमचे चौथी-सातवीचे संच पिना मारून, गठ्ठे बांधून तयार. कागदवाल्याची उधारी डोक्यावर, आणि शाळांतून एकच निरोप, "यंदा नको."

आमच्याच एका विक्रेत्यानं रद्दीच्या भावानं गठ्ठे मागितले. रद्दीवाला तरी कुठं जास्त देणार होता? दिले. पुढच्या हंगामात बघतो तर त्यावर 'इयत्ता पाचवी' असं चकचकीत कव्हर लावून माल जिल्हाभर फिरतोय! आत सगळं चौथीचं गणित. कव्हरवर नाव त्याचं आणि आतल्या पानांच्या तळाशी आमचं. शिव्या कुणाला बसल्या असतील ते सांगायला नको. दोन केंद्रशाळांनी आमचा माल कायमचा बंद केला. तो गृहस्थ मात्र आज तीन दुकानं बाळगून आहे.

तेव्हा तारलं ते जतकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींनी. पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. स्वतःच्या पगारातून संच घ्यायचे, एसटीच्या टपावर गठ्ठा टाकून न्यायचे आणि उत्तरसूचीत चूक सापडली की लाल शाईनं पोस्टकार्ड पाठवायचे. मी रडगाणं लावल्यावर म्हणाले, "परीक्षा थांबली म्हणून पोरं थांबत्यात व्हय? नवोदयचं काढा की." पलूसच्या नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेला, सहावीत प्रवेश मिळतो, परीक्षा पाचवीतली पोरं देतात आणि निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, म्हणजे सगळ्या आकृत्या. हा तर आमचाच प्रांत! गुरुजींनी आगाऊ पैसे दिले आणि त्यातून पहिला कागद आला.

जाता जाता पालकांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. दिवसाला एक पेपर पुष्कळ झाला. तीन-तीन सोडवून घेता आणि चुकलेला एकही पुन्हा बघत नाही, त्याला सराव म्हणत नाहीत. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, भाषेचे २५ आणि गणिताचे ५०. गणितात रुतलेल्या पोराचे भाषेचे सोपे गुण जातात, म्हणून भाषा आधी उरकायला लावा. घरीसुद्धा उत्तरपत्रिकेतले पर्यायांचे गोळे बॉलपेननंच रंगवू द्या. पेन्सिलीची सवय लागली की खोडायची सवय लागते. आणि आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे. दोन्ही रंगवले तरच गुण मिळायचे.

२०२५ मध्ये शासनानं शिष्यवृत्ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरवलं. निर्णय आला त्याच आठवड्यात त्या विक्रेत्याचा फोन. "दादा, जुने चौथीचे काही शिल्लक आहेत का हो?"

म्हटलं, "होते की. तुम्हीच नेले."