लातूरहून रत्नागिरी, गोगलगाय बघायला

२०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी आमच्याकडचं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. त्यामुळे रजा टाकून गोगलगाय बघायला निघालोय म्हटल्यावर घरात काय ऐकावं लागलं ते सोडा. शेतातली मिठाने मरते, मी बघणार ती समुद्रातली, खाऱ्या पाण्याबाहेर जगत नाही, एवढं सांगून गाडी काढली.

औसा, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर, मग आंबा घाट. घाट उजेडात उतरा.

खरं नियोजन तिथीचं. खडकांतली डबकी नीट उघडी पडतात ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. कोकणातला ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, त्यात सहा मिळवले की ओहोटी. अमावास्येची पहाटेची ओहोटी अंधारात जाते. द्वितीया धरली तर सकाळी सात-साडेसातच्या सुमारास पाणी हटलेलं असतं आणि उजेडही असतो. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फारसं हटत नाही, तेव्हा जाऊच नका. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

रत्नागिरीत मिऱ्या किनाऱ्याच्या बाजूला खडकावर एकाच डबक्याशी उकिडवं बसून राहिलो. आधी तिचं खाणं शोधायचं: हायड्रॉइड, म्हणजे शेवाळाच्या तुऱ्यासारखे दिसणारे पण डंख करणारे प्राणी. त्यांच्यातच बोर्नेला स्टेलिफर जातीची समुद्री गोगलगाय सापडली. बोटाच्या पेराएवढी, पांढुरक्या अंगावर नारिंगी जाळी, पाठीवर दोन्ही बाजूंनी फाटे फुटलेले उंचवटे आणि त्यांच्या आतल्या अंगाला पिसासारखे कल्ले. शंख नाहीच. लाटेचं पाणी आत शिरलं तशी तिने पकड सोडली आणि अंग डावी-उजवीकडे वळवत चक्क पोहत गेली! फोटो हुकला, पण बघणं झालं.

तिला पाण्याबाहेर काढू नका. अंगाचा नुसता चिकट गोळा होतो, रंग-रूप काही दिसत नाही. दगड उलटलाच तर होता तसा ठेवा, त्याखाली बरीच बिऱ्हाडं असतात. कालवांच्या कडा पाय कापतात, म्हणून चपला नकोत, पट्ट्याचे किंवा कॅनव्हासचे बूट घाला. समुद्राकडे पाठ करून बसू नका आणि पाणी वळलं की लगेच निघा. पावसाळ्यात हा बेत नकोच.

पोरं सोबत असतील तर उन्हाच्या वेळी कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवा. मे महिन्यात जाणार असाल तर खोली आधीच ठरवा, आंब्याच्या दिवसांत भाव चढलेले असतात.