विसण

लातूरच्या भाच्यानं जुनी ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून भंगारात घातल्या आणि आत पलंग, ओटा, बेसिन असा संसार मांडला. मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढं न्हाणीघर केलं आणि त्यात शॉवर लावला. बादली ठेवायला जागा कुठंय, असं मी विचारलं तर म्हणाला, "मामा, बादलीचं नावच काढू नका."

त्याचंही खरं होतं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा हा कॉलेजात होता. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात ताईच्या घरी परातीत बसून आंघोळ व्हायची. परातीतलं पाणी संडासात जायचं आणि आंघोळीचा तांब्या मोजून मिळायचा. अशा माणसाला आयुष्यात एकदा डोक्यावरून सलग पाणी पडावं असं वाटलं तर त्यात काय चुकलं?

जानेवारीत आम्ही चौघं निघालो. मी, बायको, आई आणि भाचा. परभणी, नांदेड, भोकर, मग किनवटकडं. आम्हा परभणीकरांना थंडीचा जरा माज असतो. इथल्या कृषी विद्यापीठाचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो. डिसेंबर २०१८मध्ये तो २ अंशांवर आला होता, आणि तो जणू आम्हीच कष्टानं खाली ओढून आणला अशा थाटात आम्ही पाहुण्यांना अजून सांगतो. पण ही थंडी आम्ही सोसतो ती रजईत. लोखंडी गाडीत, पत्र्याच्या छताखाली नव्हे.

हिमायतनगरच्या अलीकडं ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम केला. आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या खोपीवरून, वायर ओढून गिझर लावला. १० लिटरचा, पिटुकला. सकाळी उद्घाटनाचा मान मामींना. दोन-अडीच मिनिटं आतून बांगड्यांचा आवाज येत होता, मग एकदम "अगं आई गं!" आणि शांतता. बाहेर आली तेव्हा अर्धं डोकं साबणाचं, अर्धं कोरडं. माझ्याकडं अशी बघत होती, जणू थंडी मीच लावली होती.

भाचा इंजिनिअर. त्यानं गाडीच्या काचेवर जमलेल्या दवात बोटानं गणित मांडलं. गिझरातलं पाणी ६० अंश. अंगावर घ्यायचं ते ४०. मे महिन्यात टाकीचं पाणी २८ अंश धरलं तर १० लिटर गरम पाण्यात ते मिसळून साधारण २७ लिटर होतात. पण गाडीखालची टाकी रात्रभर उघड्यावर, तिचं पाणी आज १२ अंशांवर. तेच १० लिटर आज १७वर अडकतात. शॉवर मिनिटाला ७ लिटर ओततो, म्हणजे अडीच मिनिटांत खेळ खलास. त्यातही गरम पाणी निघेल तसं गार पाणी मागून गिझरात शिरतं आणि आतल्या आत सगळं कोमट करून टाकतं, म्हणजे हे १७ सुद्धा पुरते हाती येत नाहीत. काचेवरून आकडे ओघळायला लागले होते.

"मग मोठा गिझर घे," मी म्हणालो. पण वजन, जागा, आणि रस्त्यावर वीज कुठली? १० लिटर पाणी १२वरून ६०वर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्तच वीज लागते. गाडीतली १०० अँपिअर-अवरची बॅटरी पुरती पिळली तरी सव्वा युनिट. दोघांची आंघोळ झाली की दिवेही बंद. गॅसचा गिझर त्यानं आधी ठरवला होता, तो मी हाणून पाडला होता. बंद खोलीत त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, आणि न्हाणीत गेलेला माणूस बाहेर येत नाही. दर हिवाळ्यात अशी एखादी बातमी असतेच. तिथं कपाटाएवढ्या न्हाणीत तो लावायचा?

आई एवढा वेळ पायरीवर शाल गुंडाळून चहा पीत होती. तिनं काचेवरचं गणित पाहिलं नव्हतं, पाहून कळलंही नसतं. म्हणाली, "विसणच जर एवढं गार, तर ऊन पाणी पुरंल कसं?"

भाच्याला विसण म्हणजे काय ते सांगावं लागलं. कढत पाण्यात अंगाला सोसेल इतकं गार पाणी मिसळायचं, ते विसण. आमच्याकडं गरम पाण्याला जुनी माणसं ऊन पाणीच म्हणतात. शॉवरच्या नळाला लाल आणि निळी खूण असते, त्यातली निळी म्हणजे विसण. कंपन्यांनी त्याला मिक्सर म्हणून भारी भावात विकलं, एवढंच.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्यात पऱ्हाट्या नाहीतर तुऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्या पेटायच्या, भोवती पाणी. सकाळी डोळे चोळत न्हाणीत गेलं की आधी धुराचा वास, मग तोटीखाली घंगाळात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. बाजूच्या बादलीतून विसण घालायचं काम आईचं. ती पाण्यात हात घालायची नाही, मनगटाची उलटी बाजू नुसती टेकवायची. दिवाळीत एक तांब्या विसण, संक्रांतीला अर्धा. बंबाचा एकच कायदा होता: घेतलं तेवढं ओत. एक तांब्या काढलास तर वरून एक गार तांब्या घालायचा, म्हणजे पुढच्याला पाणी राहतं. हा कायदा मोडला म्हणून मी काकाचा मार खाल्ला आहे, आणि तोही ओल्या अंगावर. मार तोच, पण ओल्या अंगावर आवाज मोठा येतो.

गंमत बघा, भाच्याच्या गिझरातही घेतलं तेवढं ओतलं जातंच. फक्त ते यंत्र ओततं, आणि कुणाची वाट न बघता ओततं. आम्ही पोरं ओतून झाल्यावर दोन पऱ्हाट्या सारायचो, पुढचा येईपर्यंत पाणी पुन्हा कढत. भाच्याला दोन आंघोळींच्या मध्ये १७ मिनिटं थांबावं लागत होतं.

"ताजं काढ की बोअरचं," आई म्हणाली. "रातच्या पाण्याचं विसण करत्यात व्हय?"

शेतकरी हसला. "आत्या, लाइट साडेआठला येती." शेतीची वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. आमचं नशीब, तो आठवडा दिवसाचा होता.

साडेआठला मोटर सुरू झाली. पाइपातून पाणी आलं ते वाफा घेऊन. हात धरला तर चक्क कोमट. पाण्यात काही चमत्कार नाही. खोल जमिनीत तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, आपल्याकडं २५-२६ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात तेच पाणी गार लागतं, हिवाळ्यात ऊन. बदलतो तो आपला हात. भाच्यानं गाडीची रात्रीची टाकी हरभऱ्यात सोडून दिली आणि नवं पाणी भरलं. १७चे २३ लिटर झाले. गिझर तोच, वीज उलट कमी, आणि पाणी तापायला १७ ऐवजी १२ मिनिटं. शिवाय त्यानं भिजून झाल्यावर शॉवर बंद केला, साबण लावला आणि मग पुन्हा सोडला. परातीतलं शिक्षण, दुसरं काय! पण हे मी मनात म्हणालो, मोठ्यानं नाही.

दुसऱ्या दिवशी पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला पोचलो. जमिनीतूनच गरम पाणी येतं, गंधकाच्या वासाचं. इथं ना टाकी, ना बॅटरी, ना दवातलं गणित. भाचा आत उतरला तो बाहेर यायचं नाव घेईना. बायकोनं डोकं पुरतं धुतलं, कालची बाकी फेडल्यासारखं.

आई कडेच्या पायरीवर बसली. पदर खोचला, मनगटाची उलटी बाजू पाण्याला टेकवली आणि झटकन मागं घेतली. मग इकडं तिकडं बघत मला म्हणाली, "कडक हाय की रे. विसण कुठंय?"