खाड्या मोजत केलेला प्रवास

माझे बाबा कोकणातलं अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. हर्णैहून मालवण किती लांब, असं विचारलं की ते क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "दहा खाड्या." लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. गेल्या मार्गशीर्षात त्यांना शेजारी बसवून हा सगळा किनारा गाडीने केला, तेव्हा कळलं की कोकण मोजायचं हेच खरं माप आहे.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यात इथे जागाच कमी. घाटमाथ्यावरून सुटलेली नदी थोड्याच अंतरात समुद्राला मिळते आणि जाताना किनारा कापून जाते. त्यामुळे किनाऱ्याने जाणारा रस्ता दर तासा-दीड तासाने पाण्यापाशी येऊन थांबतो. कुठे पूल असतो, कुठे फेरीबोट, कुठे आतवर लांबलचक वळसा. पुढच्या काही वर्षांत रेवस ते रेडी सलग जाता यावं म्हणून उरलेल्या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलंय. गावांची सोय होईल, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचेल, हे मला मान्य आहे. पण थांबायला लावणारा हा रस्ता मला बाबांबरोबर एकदा डोळे भरून पाहून घ्यायचा होता.

हर्णैला संध्याकाळी पोचलो. समोर सुवर्णदुर्ग पाण्यात उभा आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ऐन रंगात. दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळ. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. बंदरालगतच आदिलशाही काळातली मशीद आहे, काळवंडलेल्या दगडाची, घुमटाची. पलीकडे धोपावे दिसतं, अगदी हाक मारावी इतकं जवळ. गाडीने जायचं तर खेड-चिपळूणला वळसा, म्हणजे शंभरेक किलोमीटर. फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत नेते.

बोट सुटली आणि बाबा गाडीतून उतरून कठड्यापाशी गेले. त्यांच्या लहानपणी इथे होडी असायची, तिला ते अजून 'तर' म्हणतात. आजीच्या मांडीवर फणसाची करंडी आणि करंडीवर आजीचा हात, एवढंच त्यांना आठवतं. बोट धक्क्याला लागली, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तरी ते पाण्याकडे बघत होते. मी घाई केली नाही.

गुहागर, वेळणेश्वर करत साडेअकराला हेदवीच्या किनाऱ्यावर आलो. तिथे बामणघळ आहे, काळ्या कातळात समुद्राने कोरलेली एक अरुंद चीर. भरतीच्या वेळी लाट आत घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. आम्ही पोचलो तेव्हा घळीच्या तळाशी जेमतेम पाणी हलत होतं. मी म्हटलं, "चला बाबा, पुढे जाऊ." त्यांनी विचारलं, "आज तिथी काय?" तृतीया होती. "तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती. बसू."

तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशोब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो आणि त्याच्यामागून भरतीही, म्हणून गणित जमतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. पुनव होऊन तीनच दिवस झाले होते, म्हणजे पाण्याला जोर असणार होता.

बसलो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर वाटाण्याहून लहान गोळ्यांची नक्षी पसरली होती. मी वाकून पाहत राहिले. करंगळीच्या नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडात घालू लागला, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं घेऊन उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकू लागला. बिळापासून सरळ रेघेत बाहेर जायचा, परत यायचा, दुसरी रेघ धरायचा. माझी सावली पडली की नाहीसा. सावली काढून घेतली की पुन्हा कामाला. अर्ध्या तासात बिळाभोवती सूर्याच्या किरणांसारखी रांगोळी झाली. मग पाण्याची पहिली जीभ आली आणि सगळं पुसून गेली.

सव्वादोनला घळीतून पहिला मोठा आवाज आला. आतून कुणीतरी दार आदळावं तसा. पाणी घळीच्या दोन्ही भिंतींना घासत वर चढलं आणि आमच्या डोक्याच्याही वर फुटलं. बाबांचा चष्मा खाऱ्या तुषारांनी भरला. त्यांनी तो पुसला नाही.

तवसाळहून दुसरी फेरीबोट. शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला पोचेस्तोवर दिवस मावळला आणि दीपगृहाचा झोत फिरायला लागला. मुक्काम मालगुंडला, केशवसुतांच्या गावात.

सकाळी आरे-वारेचा रस्ता. या रस्त्याबद्दल सगळेच भरभरून लिहितात आणि तरी ते कमी पडतं. सुरूच्या बनातून गाडी डोंगराला लागते, एक वळण येतं आणि खाली दोन पुळणी एकाच नजरेत मावतात, मध्ये डोंगराचं नाक पाण्यात घुसलेलं. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, एवढंच सांगेन. लाटेचा आवाज वर थोडा उशिरा येतो. आधी पांढरी रेघ फुटताना दिसते, मग ती ऐकू येते.

रत्नागिरीत फार थांबलो नाही. थिबा राजवाडा बाहेरून पाहिला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १९१६ मध्ये मायदेशापासून इतक्या दूर वारला. त्या वाड्याच्या गच्चीतून समुद्र दिसतो, हे आठवलं की मला नेहमी गलबलून येतं.

भाट्ये, पावस, पूर्णगड. पुढे कशेळीच्या सड्यावर पुन्हा उतरलो. जांभ्याचा उघडा माळ, गवत वाळून सोनेरी झालेलं, पायाखाली कातळ तापलेला. त्या कातळात कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी प्रचंड हत्ती कोरला आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा कातळशिल्पांच्या काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. बाबा बाजूच्या उंचवट्यावर गेले आणि तिथून ओरडले, "अगं, ही सोंड!"

जैतापूरची खाडी पार करून, वाघोटणला वळसा घालून विजयदुर्ग. जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. आपल्या किनाऱ्याचं हे कौतुक मला फार मोलाचं वाटतं. विजयदुर्गच्या तिहेरी तटावर उभं राहिल्यावर कान्होजी आंग्र्यांचं आरमार या खाडीत किती निर्धास्त उभं राहत असेल, ते डोळ्यांना दिसतं.

देवगडच्या पुढे, आचऱ्याच्या जवळ एका पुळणीवर रापण लागली होती. होडीने समुद्रात अर्धगोल घेऊन जाळं सोडलेलं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणि प्रत्येक दोराला वीसेक माणसं. सगळे मागे चालत ओढतात. शेवटचा दोर सोडून पुढे पाण्यापाशी येतो, पुन्हा धरतो. मी बघत उभी होते, तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बगतंस काय गो? धर वायच."

धरला. दोर ओला, जड, तळहाताला काचणारा, आणि त्यातून जाळ्याची धडधड थेट खांद्यापर्यंत येत होती. पाऊण तासाने जाळं उथळ पाण्यात आलं आणि पाणी चंदेरी होऊन उकळू लागलं. तारल्या, बांगडे, मधे एखादी सुरमई. वाटे पडले तेव्हा त्या गृहस्थांनी चार बांगडे माझ्या पिशवीत घातले. मी नको म्हणाले, तर त्यांना राग आला. दोर धरला म्हणजे वाटा आलाच, असं त्यांचं म्हणणं.

रात्री मालवणात मुक्कामाच्या घरी तेच बांगडे तळून पानात आले. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो. वारा फिरला होता, जमिनीवरून समुद्राकडे मतलई सुटली होती, आणि अंधारात सिंधुदुर्गाच्या बाजूने लाटांची गाज येत होती. बाबा बोटांची पेरं मोजत होते. "दाभोळ, जयगड, साखरतर, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, वाघोटण, देवगड, आचरा, कालावल."

"झाल्या की दहा," मी म्हटलं.

अंगठा पुढच्या पेरावर ठेवत ते म्हणाले, "कर्ली उद्या."