बाई, मी करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बहुतेक वेळा कुजबुजत येतो. लग्नात, पंगत उठल्यावर, हात धुताना. "वजनाचं ऑपरेशन केलंत ना तुम्ही? मी करू का?" परवा एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारलं. वय 31, वजन 128 किलो. "बाई, खरं सांगा."

2022 च्या फेब्रुवारीत माझं वजन 112 होतं, उंची 158 सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 45 च्या घरात. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि झोपेत श्वास अडकायचा. आमचे हे रात्री जागून मोजायचे आणि सकाळी चहाबरोबर सांगायचे, "काल एकदा वीस सेकंद." आरशाची लाज मी कधीच सोडली होती. भीती वाटली ती त्या सेकंदांची.

त्यामुळे माझा पहिला उलटा प्रश्न हाच असतो: वजनाने तुमचं नक्की काय बिघडवलंय? साखर, गुडघे, श्वास, रक्तदाब, की चार महिन्यांवर आलेलं लग्न? लग्नासाठी असेल तर कृपा करून नको.

आकड्यांत एक गंमत आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आपल्यासाठी 27.5 बीएमआयपासूनच ऑपरेशनचा पर्याय खुला ठेवलाय. विम्याचा नियम मात्र 40 च्या पुढे, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, असा. म्हणजे डॉक्टर हो म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल, असं सहज होतं. माझा दावासुद्धा आधी "सौंदर्योपचार" म्हणून परत आला होता. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट जोडल्यावर मंजूर झाला.

ऑपरेशनआधी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "रात्री जेवणानंतर काय खाता?" मी म्हटलं, काही नाही. हे पंख्याकडे बघत बसले. पेपर तपासताना मांडीशी असलेला फरसाणाचा डबा दोघांनाही आठवत होता. शेवटी मीच कबूल केलं. आज वाटतं, त्या डब्याबद्दल बोलले नसते तर ऑपरेशन वाया गेलं असतं.

माझी स्लीव्ह झाली. जठराचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. कापलेलं परत जोडता येत नाही. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. औषधाच्या 30 मिलीच्या कपात मुगाचं कढण घेऊन मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसायचे, एकेक घोट, एक कप संपायला पंधरा मिनिटं. शेजारी सासूबाई पांढऱ्या रश्शाला फोडणी देत होत्या. कोल्हापुरात हे सोसणं म्हणजे काय, ते परगावच्या माणसाला कळायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात केस मूठभर गळायला लागले. पुढे थांबले, पण तोवर नात्यातल्या प्रत्येकीने एकेक तेल सुचवून झालं. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आता जन्माचे सोबती. दीड वर्षात 73 किलोवर आले, आज 79 आहे. वजन परत चढतं, कारण शेव आणि आइस्क्रीम त्या नळीतून सुळकन उतरतात. अडकते ती भाकरी. मधुमेहाची एक गोळी सुटली, एक राहिली. श्वास अडकत नाही. मात्र आम्लपित्त वाढलं. ते स्लीव्हनंतर वाढू शकतं, आणि आधीपासून जास्त असेल तर बायपासचा, म्हणजे जठराच्या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनचा, विचार करतात. मला ते सांगितलं होतं, मीच नीट ऐकलं नाही. आता उशाशी दोन उशा असतात.

जिवाचा धोका? अनुभवी हातांत हजारी एकाच्या आसपास. पण टाक्यांतून आत गळती होण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतोच, तो सर्जनला तोंडावर विचारा. सिगारेट आधी सोडा. वर्ष-दीड वर्षात मूल हवं असेल तर ऑपरेशन पुढे ढकला. दारू घेत असाल तर लपवू नका, नंतर ती झपाट्याने चढते.

"आता वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत की," असंही म्हणतात. आली आहेत, मौंजारो 2025 च्या मार्चमध्ये भारतात आलं. माझ्या वेळी असतं तर मी आधी तेच करून पाहिलं असतं. फक्त बंद केलं की बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं, तेव्हा दर महिन्याचा खर्च किती वर्षं झेपेल याचा हिशेब आधी मांडा.

त्या मुलाला मी हो किंवा नाही म्हटलं नाही. त्याला सांगितलं, ऑपरेशन झालंय असं समजून एक महिना जग. जेवणाआधी अर्धा तास पाणी नाही, जेवताना नाही, नंतर अर्धा तास नाही. घास पिठासारखा होईपर्यंत चाव. ताट मध्यावर आलं की ऊठ. आईने आग्रह केला तरी ऊठ, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर चिडू नकोस. भूक लागेल, ती ऑपरेशननंतर कमी होते, तिचं फार मनावर घेऊ नको. बाकीचं मात्र जन्मभर असंच राहणार आहे.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. "बाई, बाकी जमतंय. पण पाण्याशिवाय भाकरी उतरत नाही."

"कितवा घास?"

"तिसरा."

"चावलास किती वेळा?"

तो हसला. "मोजलं नाही, बाई."

"मग मोज. अजून एकवीस दिवस आहेत."